टोकियोत शेजाऱ्यांची तक्रार थेट न येता पत्रातून आली तर काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टोकियोत येऊन चार महिने झाले, तुम्ही दोघं आणि चार वर्षांचा मुलगा, तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट, आणि आता पोस्टाच्या पेटीत मॅनेजमेंट कंपनीचं दुसरं पत्र आलंय की रात्री उशिरा पावलांचा आणि बोलण्याचा आवाज येतो अशी रहिवाशांची तक्रार आहे, कृपया काळजी घ्यावी. लिफ्टमध्ये भेटणारे शेजारी मात्र छान हसतात, मुलाला टाटा करतात. मग हा दुटप्पीपणा आहे का, आपण भारतीय आहोत म्हणून होतंय का, आणि घर बदलावं का.

मी इथे भाड्याच्या घरांच्या कामात दुभाषी आहे. एका बाजूला घरमालक आणि कानरी गाईशा (बिल्डिंग सांभाळणारी मॅनेजमेंट कंपनी), दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेली कुटुंबं, बरीचशी आपलीच, आणि मधे मी. अशी पत्रं वाचून दाखवणं आणि त्याला उत्तर देणं यातच माझा बराच वेळ जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. घर बदलायची घाई करू नका. नवीन घर म्हणजे परत शिकिकिन (डिपॉझिट), रेइकिन (घरमालकाला द्यायचे आणि कधीही परत न येणारे पैसे), एजंटची फी, गॅरंटी कंपनीची फी, पहिलं भाडं, सगळं धरून चार-पाच महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम एका दमात जाऊ शकते, आणि सवयी त्याच घेऊन गेलात तर तिथेही काही दिवसांनी असंच पत्र येणार. शिवाय इथला भाडेकायदा भाडेकरूच्या बाजूने चांगला भक्कम आहे, अशा दोन पत्रांवर तुम्हाला कोणी घराबाहेर काढत नाही. एकच बघून घ्या, तुमचा करार साधा आहे की 'तेइकी शाक्का' म्हणजे ठराविक मुदतीचा. साधा असेल तर दोन वर्षांनी रिन्यू होतो, मुदतीचा असेल तर मुदत संपली की संपला, पुढे ठेवायचं की नाही हे घरमालकाच्या मर्जीवर. तसला असेल तर हे प्रकरण लवकर आणि नीट मिटवलेलं बरं.

आता तुम्हाला खरं लागलंय ते आवाजापेक्षा तोंडावर न सांगणं, असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. आपल्याकडे वरच्या मजल्यावर पोरं नाचायला लागली की खालच्या काकू येऊन बेल वाजवतात, 'अगं जरा हळू, यांना बीपी आहे', थोडी कुरबुर होते आणि विषय संपतो. इथे, निदान टोकियोच्या फ्लॅटमध्ये, दार वाजवून तक्रार करणं म्हणजे भांडण उघड करणं. बऱ्याच मॅनेजमेंट कंपन्या घर देतानाच सांगतात की त्रास असेल तर आम्हाला कळवा, परस्पर बोलू नका, कारण परस्पर बोलण्यातून प्रकरणं हातघाईवर आलेली त्यांनी पाहिलेली असतात. म्हणजे मधे तिसरा माणूस घातलाय तो उद्या लिफ्टमध्ये दोघांना एकमेकांकडे बघता यावं म्हणून. तो शेजारी हसतोय ते मनापासूनही असू शकतं. त्याच्या मते त्याने तक्रार योग्य खिडकीवर दिली आणि तुमचा मान राखला.

भारतीय म्हणून होतंय का, याला 'अजिबात नाही' असं गोड उत्तर मी देणार नाही. घर शोधताना 'परदेशी माणूस नको' हे मी फोनवर अजूनही ऐकते. पण आवाजाची पत्रं लहान मुलं असलेल्या जपानी घरांनाही सर्रास जातात, इतकी की मूल रांगायला लागलं की तळमजल्यावरचं घर शोधणारी जपानी जोडपी भरपूर आहेत. म्हणजे तुमच्या पत्राचं कारण चार वर्षांच्या मुलाचे पाय असण्याची शक्यता तुमच्या पासपोर्टपेक्षा जास्त आहे. आणि आता काळही थोडा बदललाय, एदोगावा वॉर्डात, म्हणजे बरेच भारतीय राहतात ते निशीकासाई जिथे येतं तिथे, आपला मराठी माणूस योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये वॉर्डाच्या असेंब्लीवर निवडून आला, तो काही फक्त भारतीयांच्या मतांवर नाही, कारण इथे मत देता येतं ते जपानी नागरिकालाच.

पत्र हातात घ्या आणि नीट बघा. त्यावर तुमचं नाव किंवा खोलीचा नंबर आहे, की वर नुसतं 'सर्व रहिवाशांसाठी' लिहिलंय? हे फार महत्त्वाचं. इथे तक्रारीच्या पायऱ्या असतात. पहिल्यांदा खाली नोटीस बोर्डावर कागद लागतो, त्यात कोणाचं नाव नाही, मजला नाही, 'हल्ली काही रहिवाशांकडून अशा सूचना येत आहेत' एवढंच. मग तोच कागद सगळ्यांच्या पेटीत. मग फक्त तुमच्या पेटीत, भाषा तीच मऊ. मग फोन, आणि त्यानंतर कराराच्या कलमाचा उल्लेख असलेलं पत्र. बहुतेक आपली माणसं पहिल्या दोन पायऱ्यांना जाहिरात समजून रद्दीत टाकतात आणि तिसऱ्या पायरीला एकदम हादरतात की अचानक कसं काय. अचानक नसतं. मजकुरात वेळ लिहिलेली असेल, 'रात्री अकरानंतर' वगैरे, तर ती कोणाच्या तरी घरात घड्याळ बघून टिपलेली आहे एवढं नक्की समजा.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे ते सांगते, कारण सगळ्यांना एक उत्तर लागू होत नाही. तुमची बिल्डिंग 'आपातो' आहे की 'मानशोन'? आपातो म्हणजे साधारण दोन मजली, लाकडी किंवा हलक्या लोखंडी सांगाड्याची, तिथे शेजारी शिंकला तरी कळतं आणि तिथे लहान मूल घेऊन राहणं खरंच अवघड. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर लिफ्टसह आहात म्हणजे काँक्रीटचं मानशोन असणार, तिथे बोलण्याचा आवाज सहसा भिंतीतून जात नाही. म्हणून पत्रातला 'बोलण्याचा आवाज' मला जरा खटकला, त्यावर पुढे येतेच. दुसरं, घर तुमच्या नावावर आहे की कंपनीने घेऊन दिलंय? कंपनीच्या नावावर असेल तर पत्राची खबर तुमच्या एचआरलाही गेलेली असू शकते, मग आधी त्यांच्याशी बोला. यूआरच्या सरकारी वसाहतीत असाल (आपली बरीच मंडळी तिथेच असतात कारण रेइकिन नाही, जामीनदार लागत नाही) तर मोठ्या वसाहतींच्या आवारातच ऑफिस असतं, तिथे जाऊन समोरासमोर बोलता येतं, ते सगळ्यात सोपं. आणि टोकियो सोडून ओसाकात किंवा एखाद्या लहान गावात असतात तर मी वेगळं लिहिलं असतं, तिथे लोक बोलून टाकतात.

आवाजाबद्दल आता बारकाईने. 'रात्री बोलण्याचा आवाज' असं पत्रात आलं की मी पहिला प्रश्न विचारते, घरी फोन किती वाजता करता? जपान भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. आई-बाबांची जेवणं आटोपून, मालिका संपवून ते रात्री नऊला व्हिडिओ कॉलवर येतात तेव्हा इथे साडेबारा वाजलेले असतात. बाबांना ऐकू कमी येतं म्हणून आपण मोठ्याने बोलतो, स्पीकर चालू, रेंज नीट यावी म्हणून गॅलरीत उभे, आणि शेजारच्या घराची बेडरूमची खिडकी त्या गॅलरीपासून हाताच्या अंतरावर. भिंतीतून जात नाही तो आवाज गॅलरीतून आरामात जातो. पुण्याच्या टीमबरोबर रात्रीचे कॉल घेणाऱ्यांचंही हेच. यावर उपाय फुकटात आहे, फोन शनिवार-रविवारी दुपारी करा, नाहीतर त्यांच्या संध्याकाळच्या चहाला, म्हणजे इथले साडेआठ-नऊ, आणि खिडकी लावून आतल्या खोलीत.

पावलांचं प्रकरण जास्त चिवट आहे. आवाजाचे दोन प्रकार असतात आणि लोक दोन्हींवर एकच औषध लावतात. चमचा पडणं, खुर्ची ओढणं, खेळण्यातली गाडी लाकडी फ्लोअरवर फिरवणं हा हलका, टकटक आवाज, हा गालिचा किंवा जोडायच्या फोमच्या मॅटने बऱ्यापैकी मरतो, खुर्चीच्या पायांना घालायचे मोजे शंभर येनच्या दुकानात मिळतात ते आजच आणा. पण मूल टाचा आपटत पळतं किंवा सोफ्यावरून उडी मारतं तो धम्म आवाज स्लॅबमधूनच जातो, त्याला एक सेंटीमीटरची मॅट काही करत नाही, जाड घडीची मॅट घेतलीत तर थोडा फरक पडेल. म्हणून तिथे वेळ सांभाळायची. मुलाला संध्याकाळी पाचच्या आधी बागेत नेऊन पुरतं दमवा (वॉर्डाच्या भोंग्यावर रोज संध्याकाळी गाण्याची धून वाजते, ती खरं तर आपत्तीच्या घोषणेच्या यंत्रणेची रोजची चाचणी असते, पण सगळ्या पोरांना ती घरी जायची खूण म्हणून पाठ असते), आणि रात्री नऊनंतर घरात पळापळ बंद. आपली मुलं दहा-साडेदहापर्यंत जागी असतात, जपानी घरात त्या वयाचं मूल साधारण नऊच्या सुमारास झोपतं, तक्रारीचं मूळ पुष्कळदा या दीड तासात असतं.

स्वयंपाकघरातले आपले खास आवाज वेगळेच. पोळपाट जमिनीवर ठेवून पोळ्या लाटणं, खलबत्ता जमिनीवर ठेवून शेंगदाण्याचं कूट करणं, पहाटे सहाला डब्यासाठी मिक्सर. हे सगळं ओट्यावर घ्या आणि खाली दुमडलेला टॉवेल ठेवा. कुकरची शिट्टी तर इथे कोणाला ठाऊकच नसते, एका आजींनी मला विचारलं होतं की त्या घरात गॅस गळतोय का, रोज सायरन वाजतो. त्यांना कुकर दाखवला, आत वरण-भात आहे म्हटलं, तर त्यांना फारच मजा वाटली आणि पुन्हा कधी त्यांनी काही म्हटलं नाही.

आता मुख्य काम. कंपनीला फोन करायचा, तुम्हीच, पुढच्या पत्राची वाट न बघता. जपानी येत नसेल तर ऑफिसातल्या जपानी सहकाऱ्याला करायला सांगा, बऱ्याच वॉर्ड ऑफिसांत परदेशी लोकांसाठी सल्ल्याची खिडकी असते तिथेही विचारा. फोनवर सुरुवात माफीने. आपल्याला वाटतं की चूक सिद्ध व्हायच्या आधी माफी म्हणजे कबुली, इथे ती फक्त 'तुम्हाला तसदी पडली' एवढीच असते, सहसा कोणी ती तुमच्याविरुद्ध वापरत नाही. मग विचारायचं की आवाज कुठल्या वेळेचा, कुठल्या प्रकारचा. कोणी तक्रार केली हे विचारायचं नाही, ते सांगणार नाहीत आणि तुमच्याबद्दल त्यांचं मत मात्र बिघडेल. त्यानंतर तुम्ही काय करणार ते ठोस सांगा: मॅट घातली, नऊनंतर मुलाला झोपवतो, फोन गॅलरीतून बंद. हा निरोप कंपनी तक्रार करणाऱ्याला पोचवते, आणि माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं या निरोपावरच शांत होतात, आवाज फारसा कमी झालेला नसतानाही, कारण पलीकडच्याला कळतं की ऐकून घेतलं. दोन-तीन आठवड्यांनी परत फोन करा की आता कसं आहे. हा दुसरा फोन सहसा कोणीच करत नाही, तुम्ही करा.

एक गोष्ट मात्र करू नका, मिठाईचा डबा घेऊन खालच्या मजल्यावर 'तक्रार तुम्हीच केलीत ना' म्हणून जाऊ नका. काँक्रीटमधून आवाज तिरका जातो, तक्रार करणारा खालचा असेलच असं नाही, कधी तो पलीकडच्या खोलीचा निघतो. आणि खालचाच असला तर त्याने मुद्दाम टाळलेली भेट तुम्ही त्याच्या दारात घडवून आणलीत. मग उरलाच एक मार्ग, तो म्हणजे राहायला आल्यावर करायचं शेजाऱ्यांचं अभिवादन, जे तुम्ही चार महिन्यांपूर्वी केलं नसावं, कारण कोणी सांगितलेलंच नसतं. पद्धत अशी आहे की दोन्ही बाजूचे शेजारी, बरोबर वरचे आणि बरोबर खालचे, यांच्याकडे पाचशे ते हजार येनची छोटी भेट घेऊन दारातूनच नमस्कार करायचा: टॉवेल, कपड्यांचा साबण, किंवा बंद पाकिटातली बिस्किटं. घरचा चिवडा किंवा लाडू नको, अनोळखी माणसाच्या हातचं खायला लोक कचरतात आणि नाही म्हणताही येत नाही. एकेकट्या माणसांच्या बिल्डिंगमध्ये हल्ली हे फारसं कोणी करत नाही, एकट्या राहणाऱ्या बायका तर मुद्दाम दार उघडत नाहीत, पण कुटुंबांच्या बिल्डिंगमध्ये अजून चालतं. उशीर झालाय, तरी चालेल, फक्त आधी कंपनीला फोनवर विचारा की असं केलं तर ठीक आहे का, आणि गेलात तर चौघांकडे सारखंच जा, तक्रारीचा शब्द काढू नका, 'घरात लहान मूल आहे, त्रास होत असेल तर माफ करा' एवढं बोलून निघा. मुलाला बरोबर न्या. ज्या मुलाचा चेहरा माहीत आहे त्याच्या पावलांचा राग जरा कमी येतो, हे मी जपानी लोकांच्याच तोंडून ऐकलंय.

विषय निघालाय तर पुढच्या पत्राची कारणं आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे ते येणार नाही. दाराबाहेर चपलांचा स्टँड, बाबागाडी, सायकल ठेवू नका, तो पॅसेज म्हणजे आगीच्या वेळी पळायचा रस्ता धरतात, आणि घरात पाहुणे आले की बाहेर बारा जोड चपला दिसणं इथे कोणालाच समजत नाही, सगळं दाराच्या आत. दाराची बाहेरची बाजूसुद्धा मानशोनमध्ये सामायिक मालमत्ता असते, तोरण आतून लावा, रांगोळी ताटात काढून आत ठेवा. गॅलरीत दोन घरांच्या मधे एक पातळ फळी असते, तिच्यावर लिहिलेलं असतं की आणीबाणीत ही फोडून शेजारच्या घरात जा. तिच्यासमोर तांदळाची पोती आणि रिकामी खोकी रचून ठेवलेली मी इतक्या घरांत पाहिलीयेत. ती आज हलवा, आग लागली तर शेजाऱ्याच्या सुटकेचा रस्ता तुमच्या गॅलरीतून आहे.

कचऱ्याबद्दल सगळ्यांनी सगळं लिहिलंय, मी फक्त आपल्या घरांत नडणारं सांगते. पिशवी आदल्या रात्री नाही, त्याच सकाळी आठच्या आत आणि कावळ्यांनी फाडू नये म्हणून असलेल्या जाळीखाली. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी कर्मचारी नेत नाहीत, वर स्टिकर लावून तिथेच सोडतात, आणि आत मेथीच्या काड्या दिसत असल्या की पिशवी कोणाची ते अख्ख्या बिल्डिंगला कळतं. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, ते घट्ट करायची पावडर सुपरमार्केटमध्ये मिळते, किंवा वर्तमानपत्रात जिरवून जळणाऱ्या कचऱ्यात टाका. एक बाजू तीस सेंटीमीटरहून मोठी असलेली वस्तू टोकियोच्या वॉर्डांत मोठा कचरा धरतात, आधी नोंदणी करून कोंबिनीतून (चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातून) दोनशे-तीनशे येनची स्टिकरं घेऊन लावायची. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी वॉर्ड नेतच नाही, २००१ पासून त्यांचा वेगळा कायदा आहे, दुकानदाराला पैसे देऊन न्यायला सांगावं लागतं. फोडणीच्या वासाचं म्हणाल तर बऱ्याच फ्लॅटमध्ये चिमणीची हवा बाहेरच्या पॅसेजमध्ये सोडलेली असते, गॅस पेटवायच्या आधीपासून पंखा लावा आणि जाळी दर महिन्याला धुवा, याहून जास्त काही करता येत नाही आणि करायची गरजही नाही. हिंग सोडा असं मी कोणाला सांगत नाही.

गणपतीला पंधरा माणसं आणि झांजा असतील तर आठवडाभर आधी कंपनीला तारीख, वेळ आणि कधी संपणार ते कळवा, ते बोर्डावर कागद लावतात, आरती आठच्या आत आटपा. आणि एक दिवस कोबानचा (पोलीस चौकीचा) पोलीस दारात येऊन एक फॉर्म भरायला देईल, तेव्हा तक्रारीमुळे आलाय असं समजून घाबरू नका. ती त्यांची नेहमीची फेरी असते, घरात कोण कोण राहतं आणि आणीबाणीत कोणाला कळवायचं ते लिहून घेतात. आधी ओळखपत्र बघायला मागा, ते दाखवतात.

शेजाऱ्यांशी जमवून घ्यायला मी इतकं का सांगतेय, त्याला भूकंप हे एक साधं कारण आहे. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात ढिगाऱ्याखालून बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढलं, बचाव पथकं सगळीकडे पोचणं शक्यच नव्हतं. एदोगावासारख्या वॉर्डात तर सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे, २०१९ मध्ये वॉर्डाने काढलेल्या पुराच्या नकाशाच्या मुखपृष्ठावर चक्क 'इथे थांबू नका' असं छापलं होतं आणि त्याची सगळीकडे चर्चा झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोठं वादळ आलं. अशा रात्री मोबाईलवर जपानी सूचना धडाधड येत असतात आणि कुठल्या शाळेत जायचं हे शेजारचे आजोबा दोन हातवाऱ्यांत सांगतात. म्हणून चोनाईकाई (मोहल्ला मंडळ) वर्गणी मागायला आलं तर द्या, महिन्याला काहीशे येन असतात, आणि फळीला लावलेले कागद घेऊन कोणी आलं तर ते ठेवून घेऊ नका, सही करून पुढच्या घरी द्या, ते सगळ्यांत फिरवायचं असतं.

तर सोमवारी फोन करा. त्याआधी तीन गोष्टी इथे कळवा: पत्रावर खोली नंबर आहे का, करार कोणाच्या नावावर आहे, आणि पत्रात वेळ लिहिलीय का. पत्राचा फोटो टाकलात तर नाव-पत्ता झाकून टाका, फोनवर काय बोलायचं ती चार जपानी वाक्यं मी देवनागरीत लिहून देते.